ऑपेराची दोन तिकिटं

९ नोव्हेंबर, रविवार. कारेगाव.

आजपासून रोजनिशी. कंपनीत मशीन बंद पडलं की मी ब्रेकडाउन रिपोर्ट लिहितो. मग घरातल्या ब्रेकडाउनचा का नको? लाइन सुपरवायझर माणसाला लिहून काढल्याशिवाय सुचत नाही.

प्रॉब्लेम: हर्षदा मे महिन्यापासून माहेरी, यवतला.
कारण: हवापालट.

मेमध्ये यवतला दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची बैठक बसली होती. पोरीला मोकळं करा, असं सगळे म्हणाले. मोकळं म्हणजे थोडे दिवस, हे उघड आहे. तिची रुखवतातली भांडी आणि कपाट टेम्पोत घालून नेलं. त्यातही फायदाच झाला. स्वयंपाकघरात ऐसपैस जागा झाली. कंपनीत एवढ्या कामासाठी कन्सल्टंट बोलावतात.

आजची बातमी: हर्षदाने व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस ठेवलं. पुण्यात नवीन परफॉर्मिंग आर्ट्स सेंटर झालंय, तिथं चौदा डिसेंबरला परदेशी ऑपेरा येतोय, त्याचं पोस्टर. खाली तिने लिहिलंय, एकदा तरी बघायचंय. मला ते दिसलं, म्हणजे मला दिसावं म्हणूनच ठेवलं. बाकीचे कॉन्टॅक्ट नुसते सोबतीला.

अ‍ॅक्शन प्लॅन: दोन तिकिटं. शेजारी-शेजारी.

११ नोव्हेंबर, सकाळी.

तिकिटं बुक. पुढून चौथी रांग. ऑपेरा म्हणजे नेमकं काय हे आधी बघून घ्यायला हवं होतं, पण निर्णय पटकन घेणं हा माझा स्वभाव आहे. संगीत नाटकच असतं, फक्त कळत नाही.

आईला सांगितलं, पुण्याच्या कला केंद्रात कार्यक्रमाला जाणार. तिने हातातलं लाटणंच खाली ठेवलं. तिला चौफुल्याकडची लावणीची केंद्रं वाटली. बाप तुझा माळकरी व्हता, आन् तू बायको गेली म्हणून ह्या थराला गेलास व्हय, असं बरंच बोलली. समजावलं. शेवटी म्हणाली, मग तर जाऊच नको, त्यात तुला काय कळतंय.

आईचं मन मोठं आहे, पण अनुभव कमी.

१५ नोव्हेंबर.

नाटकाच्या बाबतीत मी नवखा नाही, याची इथं नोंद करतो.

हर्षदा कॉलेजात असताना दौंडच्या एकांकिका स्पर्धेत पहिली आली होती. लग्न ठरताना तिने एकच अट घातली, महिन्याला एक नाटक बघायचं. मी जागच्या जागी मान्य केली. मान्य करण्यात मी कधीच मागे नसतो.

लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात पुण्याला नाटकाला नेलं. दुसऱ्या अंकात कंपनीतून फोन आला, लाइन बंद होती. मी उचलला. आवाज नीट जावा म्हणून जरा मोठ्याने बोललो. तर मुख्य नटाने प्रयोग थांबवला आणि स्टेजवरून म्हणाला, साहेब, तुमचं होऊ द्या सावकाश, आम्ही थांबतो. अख्खं थिएटर माझ्याकडे बघत होतं. एवढा मोठा नट आपल्या नवऱ्याशी थेट बोलला म्हणून हर्षदाच्या डोळ्यांत पाणी आलं. कारेगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत पुसत होती.

पुढे योग आला नाही. कधी ऑडिट, कधी शटडाउन, कधी डिस्पॅच. मैत्रिणींबरोबर जाऊ का, असं तिने दोन-चारदा विचारलं. मी नको म्हणालो, कारण मला तिच्याबरोबरच बघायचं होतं. शेवटच्या वर्षी तर तिने विचारणंही बंद केलं. बाई हळूहळू समजूतदार होते.

२० नोव्हेंबर.

प्रॅक्टिस चालू. कामावरून आलो की प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ताठ बसायचं, फोन बंद, टीव्हीवर ऑपेरा लावायचा. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत डोळा लागला. दुसऱ्या दिवशी त्याहून लवकर, पण झोपेतही ताठ होतो.

आज एक बाई फार वेळ एकच सूर धरून गात होती. खालचे भाडेकरू वर विचारायला आले की कोण गेलं. आई म्हणाली, ह्या बाईचं मेंढरू चुकलंय, ती त्याला हाळी देतीया, आन् ते काय परत येत न्हाई. आईचं बालपण मेंढरांमागे गेलं, तिला सगळीकडे मेंढरंच दिसतात.

निश्चय: रोज एक तास. झोपायचं नाही. हर्षदाने मधे काही विचारलं तर 'आवाजाची रेंज चांगली आहे' असं म्हणायचं.

२३ नोव्हेंबर, रविवार.

न्हावरामार्गे यवतला जाऊन आलो. हायवेला सुदर्शनचं मोबाईलचं दुकान आहे. सुदर्शन म्हणजे हर्षदाचा धाकटा भाऊ. गुणी आहे. मला बघून काउंटरमागे काहीतरी शोधायला लागला, ते त्याला बराच वेळ सापडलं नाही.

एक तिकीट त्याच्याकडे दिलं. ताईला दे म्हणालो. तो म्हणाला, दाजी, कशाला उगं, आता सगळं मिटलंय ना. मी म्हणालो, मिटलंय ना, म्हणूनच तर.

हर्षदा कुठंय विचारलं. शाळेत आहे, म्हणाला. ती आता यवतच्या शाळेत शिकवते आणि रविवारी पोरांची नाटकं बसवते. हे मला कुणी कळवलं नव्हतं. बहुतेक सरप्राइज असणार.

शाळेच्या गेटपर्यंत गेलो. आतून तिचा आवाज येत होता. पोरांना राक्षसाचं हसणं शिकवत होती. आधी ती हसायची, मग पोरं. इतकं मोठ्याने हसता येतं तिला, हे मला माहीत नव्हतं. घरात कधी ऐकलं नाही. कदाचित तेव्हा मी शिफ्टला असेन.

तेजश्री नावाच्या एक बाई बाहेर आल्या, तिच्याबरोबरच्या शिक्षिका. पालक का, म्हणाल्या. मी म्हणालो, नाही, मिस्टर. कुणाचे, म्हणाल्या. तेवढ्यात रस्त्याने उसाचा ट्रॅक्टर आला आणि मी बाजूला झालो. आत गेलो नाही. तालमीत व्यत्यय नको.

३० नोव्हेंबर.

सुदर्शनचा फोन. आनंदाची बातमी. ताई त्या ऑपेराला जाणारच हाय, म्हणाला. जाणारच! त्यापुढेही तो बोलत होता, तिनं तिचं ती, आन् ते तुमचं तिकीट तेवढं घेऊन जावा, असं काहीसं. पण मी शेडमध्ये होतो, रेंज नव्हती.

आईला सांगितलं. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, अरं संपत, तिनं कपाट नेलंय. परत यायचं आसतं तर कपाट नेलं आसतं का?

मी म्हणालो, नवीन घेऊ. आरशाचं.

७ डिसेंबर, रविवार.

शिरूरला जाऊन ब्लेझर घेतला. बटण लावलं की श्वास घेता येत नाही. ऑपेरात श्वास गाणाऱ्यांनी घ्यायचा असतो, आपण नाही.

घरही तयार ठेवलं. तिचा उशीचा अभ्रा धुतला. ती वापरायची तो साबण आणला. आईने तो अभ्रा माझ्या हातातून घेतला आणि वाळत घातला. बोलली असती तर बरं झालं असतं.

कलावंतांना बक्षीस देण्याचा प्रश्न राहिला होता. आमच्या जत्रेत गाणं रंगलं की माणूस उठतो, नोट आणि नावाची चिठ्ठी देतो आणि माइकवर नाव पुकारतात. हर्षदा नाटकवाल्यांना फार मानते. तेव्हा बक्षीस तिच्या नावाने द्यायचं. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये तिचं नाव माइकवर! गेल्या सात वर्षांत जे राहून गेलं, ते एका झटक्यात भरून निघेल. चिठ्ठी लिहून खिशात ठेवली. अक्षर चांगलं आलंय.

१४ डिसेंबर, रविवार. पुणे, सेंटरमध्ये. संध्याकाळ.

वेळेआधी पोचलो. एवढी काच, एवढी गार हवा. सगळे हळू बोलतात, जणू कुणी आजारी आहे.

शेजारच्या सीटवर रुमाल टाकला. सीटला नंबर आहे, पण शिरूर डेपोत इतकी वर्षं एस्टी पकडली, नंबरावर भरवसा बसत नाही. एका मावशींनी रुमालाकडे बघून विचारलं, कुणी येतंय का. येतंय, म्हणालो. मिसेस.

अजून आली नाही. हडपसरला ट्रॅफिक असणार.

फोन बंद करतोय. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून. हे तिने बघायला हवं होतं.

त्याच दिवशी. बाहेर, लॉबीत.

चांगलंच जमलं. गडबडीत आहे, पण लिहून ठेवतो.

ती आली नव्हती, तरी अंधारात मी रुमालाकडे बघत नव्हतो. स्टेजवर एक बाई होती, तिचा माणूस तिला टाकून दूर निघून गेलेला. ती एकटी खिडकीशी उभी राहून गात होती. भाषा कळत नव्हती. वर पडद्यावर अर्थ येत होता, पण माझं तिकडे लक्षच गेलं नाही. झोप आली नाही. उलट छाती भरून आली. ब्लेझरचं बटण काढलं, तरी तसंच.

गाणं संपलं, टाळ्या पडल्या. मी उठलो. स्टेजपुढे वादक बसतात त्या खड्ड्याशी जाऊन पोचलो. माइकवाला कुठं दिसेना. मग स्वतःच प्रेक्षकांकडे वळलो आणि पुकारलं: सौ. हर्षदा संपतराव कोळपे, मुक्काम कारेगाव, यांच्याकडून कलावंतांना सप्रेम भेट! काठी फिरवणाऱ्या गोऱ्या गृहस्थांच्या हातात नोट आणि चिठ्ठी दिली. त्यांनी वाकून नमस्कार केला. गाणारी बाई हसली. लोकही हसले, कुणी टाळ्या वाजवल्या. हॉलची साउंड सिस्टिम उत्कृष्ट. माइकशिवाय वरच्या बाल्कनीपर्यंत आवाज गेला.

नंतर गणवेशातले दोघे जण मला अदबीने बाहेर घेऊन आले. खुर्ची दिली. आता आत सोडता येणार नाही, म्हणाले. खास पाहुण्यांना वेगळं बसवत असतील.

इंटर्व्हलची वेळ होतेय. दारं उघडतायत.

१५ डिसेंबर, सोमवार. कारेगाव.

ती आली होती. वर बाल्कनीत बसली होती, तेजश्रीबाईंबरोबर. स्वतःचं तिकीट काढून. मी तिचं नाव पुकारलं तेव्हा ती तिथंच होती.

दोघी जिन्याने खाली आल्या. हर्षदाचे डोळे लाल होते. माझ्यामुळे नाही, गाण्यामुळे. चेहरा इतका छान दिसत होता की मी उभाच राहिलो. रागावेल म्हणून मी महिनाभर उत्तरं तयार करत होतो. प्रत्येक मुद्द्याला उत्तर होतं.

ती रागावली नाही. जवळ आली आणि म्हणाली, संपतराव, उभे का? बसा. पाणी घेतलं का तुम्ही?

सात वर्षं ती मला अहो म्हणत होती. भांडताना अहो, तापात अहो. सामान भरलेल्या टेम्पोत चढतानासुद्धा, अहो, गॅस बंद केलाय, बघून घ्या, असं म्हणाली होती. माझं नाव तिने कुणासमोर कधी उच्चारलं नाही. काल उच्चारलं. ग्रामसेवकाला हाक मारतात तसं, मान देऊन, स्वच्छ. मनात काहीच शिल्लक नसल्यासारखं.

मी घेतलं पाणी, म्हणालो. घेतलं नव्हतं.

तिने आईची तब्येत विचारली. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर शिरूरला कुठं मिळतं ते सांगितलं. मग हळू आवाजात म्हणाली, ते सौ. आणि कोळपे आता लावू नका, इथं मला शाळेतले लोक ओळखतात. मी बरं म्हणालो. ऑपेरा कसा वाटला, असं मला तिला विचारायचं होतं. खरंच विचारायचं होतं. मला आवडला होता. त्या खिडकीतल्या बाईबद्दल बोलायचं होतं, आणि बोलायला सगळ्या जगात तीच एक होती.

बेल झाली. दुसऱ्या अंकाची सुरुवात चुकू नये म्हणून तिने तेजश्रीबाईंचा हात धरला आणि दोघी पळत जिना चढल्या. वर पोचल्यावर हसत होत्या. दार बंद झालं.

आत गाणं सुरू झालेलं बाहेर थोडं ऐकू येत होतं. मग मी निघालो.

घरी आईने विचारलं, भेटली का. भेटली, म्हणालो. बोलली का. बोलली. काय म्हणाली, असं विचारल्यावर मी सांगितलं की संपतराव म्हणाली.

आईने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, आता सुदर्शनला फोन करायचा न्हाई. पोरगी सुखात हाय, तिला सुखात ऱ्हाऊ दे. आन् तू जेव.

बरं, म्हणालो. जेवलो नाही. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि आई दार वाजवेपर्यंत रडलो.