मारिसेलचा चॉईस आणि तुझी सही

प्रिय प्राची,

तू भाषांतर केलेलं पुस्तक पोचलं. वर तुझं नाव, आत पैल्या पानावर 'आज्जीस'. जैन बस्तीत पूजेला जाताना पिशवीत घालून नेलं नि सगळ्या बायकांना दाखवलं. आक्का म्हणाली, फिलिपाईन्स कुठं आलं गं? मी म्हटलं, समुद्राच्या पल्याड, माझ्या नातीनं तिथल्या बायकांना मराठीत बोलायला लावलंय. माझी शाळा तिसरीपर्यंतची. बोट ठेवून रोज तीन पानं वाचते. त्यापायी परवा दूध उतू गेलं.

त्यातली ती मारिसेल मला लई आवडली बघ. मनिलात एकटी राहते, ऑफिसात सायबीण हाय, टाचांचे बूट घालते, लाली लावते ती सोतासाठी, आणि लग्न मोडल्यावर रडून झालं की पोटभर भात खाते. अशी बाई आमच्या वेळंला पुस्तकात न्हवती नि आपल्या उचगावात बी न्हवती. पण एक इचारू? खेड्यातनं येऊन तिचं घर झाडणारी ती बाई, तिला सबंध पुस्तकात नाव का न्हाय? आणि मारिसेल गावाकडचं बापाचं घर भावाला देऊन टाकते, ते बी हसत. मला काय कमी हाय, माझा चॉईस, म्हणते. शिकलेल्या बायका त्या पानावर टाळ्या वाजवत असतील. मी पुस्तक मिटलं नि म्हशीला वैरण घालायला गेले.

मी बी दिलं होतं की गं. लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला भावांनी इरकल लुगडं नेसवलं, गोडधोड घातलं नि बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडला म्हणून माझी सही घेतली. कुणी मारलं न्हवतं. बहिणी अशाच देत्यात म्हणून हसत दिली. मग तुझा आज्जा अंथरुणाला खिळला. तुझ्या बाबाला काखेत घेऊन माहेरी गेले, तर भावजयीनं चौथ्या दिवशीच विचारलं, वन्सं, परत कधी जाणार? घर तेच, उंबरा तोच. जागा न्हवती.

म्हणून तुझा बाबा गेल्यावर मी हट्टानं सातबाऱ्यावर माझ्या नि श्रेयसच्या बरोबरीनं तुझं नाव लावून घेतलं. तुझा भाऊ श्रेयस सा महिनं माझ्याशी बोलला न्हाय. भाऊबंद म्हणाले, म्हातारी घर फोडती. म्हटलं, फोडती तर फोडती.

काल तलाठ्याकडनं नोटीस आली. तू गेल्या महिन्यात येऊन श्रेयसला हक्कसोड लिहून दिलंस. कोल्हापुरापर्यंत आलीस, घरापर्यंत आली न्हाईस. फोन केला तर म्हणालीस, आज्जी, माझी नोकरी हाय, मला जमिनीची गरज नाही, कुणी जबरदस्ती केली नाही. प्राची, परक्यानं केलं असतं तर दारात उभं राहून भांडले असते. तुझ्याशी कसं भांडू? आता श्रेयस म्हणतो, तिनं सही दिली, तुझी तेवढी राहिली. पुढच्या सोमवारी अकराला मला सहीला न्यायला गाडी घेऊन येणार हाय. मी देणार न्हाय. पण आजवर आपण दोघी देणार न्हाय असं म्हणत होतो, आता एकटीनं म्हणायचं मला जड जातंय. तू रविवारीच ये. तुझी सही परत येत न्हाय, ठाऊक हाय मला. माझ्या शेजारी नुसती बस. बोलायचं मी बघते.

तुझीच,
पद्मावती आज्जी