काळं की रुपेरी

वेस्ट मांबलम, चेन्नई
रविवार दुपार

प्रिय गंधार,

पाकिटाचा फोटो पाठवून विचारलंस, काळं की रुपेरी, आणि खाली लिहिलंस, ताई, लवकर ठरवून घे, नाव कोरायला वेळ लागतो. उत्तर एका शब्दाचं होतं. तरी मी कागद घेऊन बसले आहे, कारण फोन केला की तू मला स्पीकरवर टाकून लॅपटॉपवर टकटक करत बसतोस आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवतोस. आज मला तुझा अंगठा नको. हे पत्र बसून वाच आणि मधेच उठू नकोस.

तू सांगितलंस तसं बाबांना घेऊन काल टी. नगरला गेले. त्यांच्या पंचाहत्तरीची भेट त्यांना कळू नये म्हणून तूच सुचवलेली थाप मारली: पाकीट गंधारला हवंय, तुम्ही निवडून द्या. तुझं नाव ऐकल्यावर त्यांनी सकाळीच दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि माझ्याआधी चपला घालून दारात उभे राहिले. कित्येक महिन्यांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं. इचलकरंजीच्या कारखान्यात खरेदी खात्यात उभा जन्म घालवलेला माणूस. धातूच्या दोन पट्ट्या, मध्ये कार्डं, मागे नोटांना चिमटा, याला पाकीट म्हणायचं हे त्यांना आधी पटेचना. पण एकदा हातात घेतल्यावर सेल्समनची काही धडगत नव्हती. निम्मं कपाट बाहेर काढायला लावलं. कडेवरून अंगठा फिरवून एक बाजूला ठेवलं, ह्याच्या कडा नीट घासलेल्या नाहीत, खिसा फाटेल. दुसऱ्याचा चिमटा ओढून बघितला, हा सहा महिन्यांत सैल पडणार. आणि रुपेरी तर नकोच म्हणाले, कारण गंधार किल्ल्या आणि पाकीट एकाच खिशात ठेवतो, ओरखडे दिसतील. तुझा खिसा त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे, काळं. आता पुढचं वाच.

गेल्या मार्गशीर्षात बाबांना तो फोन आला, तेव्हा मी अंबत्तूरला ऑफिसात होते. बँकेतून बोलतोय म्हणाला, आकडे विचारून घेतले आणि खातं धुऊन नेलं, एवढंच तुला माहीत आहे. तो मराठीत बोलत होता, हे तू कधी नीट ऐकूनच घेतलं नाहीस. आई गेल्यावर आपण बाबांना इथं आणलं. खालच्या मजल्यापासून वरपर्यंत सगळे तमिळ, माणसं भली, पण बाबांच्या वाट्याला येणारं मराठी म्हणजे मी संध्याकाळी दमून आल्यावर जे चार शब्द टाकेन तेवढंच. आणि त्या नालायकानं पहिल्याच वाक्यात विचारलं, काका, जेवण झालं का? मग गाव विचारलं, स्वतःचं कराडकडचं सांगितलं. बाबांनी त्याला आईबद्दल सांगितलं, गंधार. तिच्या दशम्यांबद्दल सांगितलं. शेवटी त्यानं आकडे मागितले, तेव्हा घरच्या माणसाला नाही म्हणायचा संकोच वाटतो तसा त्यांना वाटला. एकदा मला म्हणालेसुद्धा, मुलगा बोलायला चांगला होता गं. मला त्या चोराचा जेवढा राग आला तेवढाच त्या वाक्याचा आला.

तू धावत आलास, हे मी नाकारत नाही. दोन दिवस बँकेत खेटे घातलेस. पण जाताना बाबांचं कार्ड स्वतःच्या पाकिटात घातलंस, बँकेतला मोबाइल नंबर बदलून तुझा दिलास, त्यांच्या फोनमधलं ॲप काढून टाकलंस आणि म्हणालास, बाबा, लागेल ते सांगा, मी ताईकडे लगेच पाठवतो. बाबा बरं म्हणाले. तुला वाटलं, पटलं. लगेच पाठवतोस हे खरं आहे, पण त्याआधी दर वेळी विचारतोस, कशाला? चपलेचा अंगठा शिवायचा होता, तर कशाला. मी त्यांच्या शर्टाच्या खिशात नोटा ठेवून बघितल्या, त्या कपाटावर माझ्या पर्सखाली नीट घडी करून ठेवलेल्या सापडतात. त्यांना माझे नकोत आणि तुझेही नकोत. त्यांना त्यांचे हवेत. पेन्शन त्यांची, नाव त्यांचं, आणि हिशेब द्यायचा पोराला. तुझ्या या काळजीचा मला वीट आला आहे.

शेजारचे राममूर्ती मामा माहीत आहेत ना, रेल्वेतून रिटायर झालेले? दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, तरी रोज संध्याकाळी मांबलम स्टेशनजवळ कॉफी प्यायला जायचे. एक दिवस मामा पैसे देणार, दुसऱ्या दिवशी बाबा. मामा अजून दारात येतात आणि विचारतात, एन्न सार, काप्पी? बाबा गुडघ्याला हात लावून दाखवतात. गुडघ्याला काहीही झालेलं नाही. काल टी. नगरमध्ये उन्हातान्हात माझ्यापुढे चालत होते.

तर दुकानात शेवटी काळं पाकीट ठरलं. सेल्समननं ते बाबांच्या हातात दिलं आणि कौतुकानं म्हणाला, उंग कार्ड पोट्टु पारुंग सार. तुमचं कार्ड घालून बघा म्हणजे. एवढं तमिळ बाबांना आता कळतं. त्यांनी शर्टाचा खिसा चाचपला. मग पँटचे दोन्ही. आत काही नाही हे माहीत असताना, गंधार, त्यांनी तिन्ही खिसे चाचपले, आणि हसून इंग्रजीत म्हणाले, कार्ड ॲट होम. मी माझं पुढं केलं, तर ते त्यांनी घेतलं नाही. पाकीट काचेवर ठेवलं आणि रस्त्याकडे बघत उभे राहिले. पाकीट घेतलं, पण नाव कोरायचं मी रद्द केलं, कारण त्यांच्यासमोर त्यांचं नाव सांगता येईना आणि तुझं सांगायची मला इच्छा नव्हती. येताना रिक्षात म्हणाले, कार्ड घरी राहिलं असं मी खोटं बोललो, ते गंधारला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल. मी सांगते आहे. तुला वाईट वाटावं म्हणूनच सांगते आहे.

तुझं पहिलं पाकीट आठवतं? तपकिरी, चामड्याचं. तू नोकरी शोधायला पुण्याला निघालास तेव्हा बाबांनी दिलेलं. रिकामं पाकीट कुणाला देऊ नये म्हणून आई हळदकुंकू लावून रुपया घालायला आली, आणि बाबांनी रुपयाच्या मागे स्वतःचं कार्ड सरकवलं. पगार सुरू होईपर्यंत वापर म्हणाले. महिन्याभरात तू त्या नोकरी लावून देणाऱ्या बनावट कंपनीला पैसे भरून बसलास आणि फोनवर रडलास. आई म्हणाली होती, कार्ड परत मागवून घ्या. बाबा म्हणाले, आत्ताच तर त्याला त्याची गरज आहे. त्यांनी तुला एकदाही कशाला म्हणून विचारलं नाही.

पाकीट या पत्रासोबत पाठवते आहे. चिमटा घट्ट आहे, कडा घासलेल्या आहेत, निवडणाऱ्यानं जीव लावून निवडलं आहे. तू पुण्यात हॉल घेतला आहेस, पंचाहत्तर दिवे लावणार आहेस, भेट देताना फोटो निघतील. खुशाल काढ. पण मी पाकिटात रुपया घातलेला नाही. आपल्या घरात रिकामं पाकीट देत नाहीत, आणि त्यात काय घालायचं ते तुझ्या खिशात आहे. बँकेतला नंबर आधी बदलून परत बाबांचा करून घे. तेवढं जमणार नसेल तर कळव, म्हणजे आमची पुण्याची तिकिटं मी रद्द करते आणि त्या दिवशी बाबांना आणि राममूर्ती मामांना कॉफीला घेऊन जाते.

तुझ्यावर भयंकर चिडलेली, तरी तुझीच,
देविकाताई