हिरव्या दिव्याचं बटण

४ मार्च

रॉक गायक 'वादळ' तालमीला आला तो दोन उशा घेऊन. एक कमरेला, एक मानेला. मागच्या भिंतीवरच्या पोस्टरमध्ये तो उघड्या छातीनं आगीतून चालत येतोय. उशीला टेकून त्यानं पोस्टरकडे पाहिलं. "हा कोण?" कुणी हसलं नाही. मॅनेजर खोलीत होता.

मी विचारलं, "सर, कानातला आवाज ठीक आहे?"

"सर म्हणू नकोस. आयुष्यभर सरांच्या विरुद्ध गात आलोय मी."

"बरं, सर."

तेव्हापासून मी "इंजिनियर". नाव विचारलं नाही. सोयीचं आहे.

दौऱ्याचं नाव "अखेरचा निरोप". याआधीचे "निरोप" आणि "खरा निरोप" मी शाळेत असताना झाले.

७ मार्च

आईचा फोन. "तू तिथे नेमकं करतेस तरी काय?"

सांगितलं — स्टेजच्या कडेला टेबल मांडून बसते. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या कानात छोटी यंत्रं असतात, त्यांत काय ऐकू जाईल ते मी ठरवते. लोकांना काय ऐकू जातं ते माझ्याकडे नाही. ते हाऊसकाकांकडे. ते मैदानाच्या मधोमध, मचाणावर.

"म्हणजे तू कान भरतेस."

"तसं म्हण."

"तुझी मावशी फुकट करते ते."

९ मार्च

मॅनेजरनं दार लावून घेतलं.

कार्यक्रमाचं शेवटचं गाणं. त्याच्या शेवटी एक चढा सूर. या माणसाचं सगळं त्या सुरावर उभं आहे. तीस वर्षांपूर्वी भर मैदानात तो बोलून गेला — ज्या दिवशी हा सूर लागणार नाही, त्या दिवशी मी घरी जाईन. ते वाक्य आता टी-शर्टवर आहे. तीन रंगांत.

तालमीत सूर लागत नाही. फुटतो. रोज.

उपाय: माझ्या टेबलावर एक बटण. दाबलं की वादळाचा माइक बंद, आणि जुन्या रेकॉर्डिंगमधला त्याचाच सूर चालू. मैदानातही तोच, त्याच्या कानातही तोच.

"त्याला कळता कामा नये," मॅनेजर म्हणाला. "कळलं तर तो घरी जाईल. तो घरी गेला की आपण सगळे घरी."

थोडक्यात, एका माणसाला त्याचाच आवाज त्याचा म्हणून ऐकवायचा. तांत्रिकदृष्ट्या खोटं नाही. मी दोनदा विचार केला, खरंच नाही. तरी जेवण गेलं नाही.

कानांकडची जोडणी मी केली. मैदानाकडची हाऊसकाकांनी. बटण दाबलं की हिरवा दिवा लागतो.

१५ मार्च

पहिला कार्यक्रम. शेवटचं गाणं, चढा सूर, बटण, हिरवा दिवा. माझ्या कानात तेच असतं जे त्याच्या कानात — तिशीतल्या माणसाचा सूर, काचेसारखा.

खाली उतरताना तो माझ्या टेबलाशी थांबला. घाम, काजळ सगळं गालावर.

"लागला का?"

"लागला, सर."

वाटलं होतं खूश होईल. चेहरा रजा नामंजूर झालेल्या कारकुनासारखा झाला. दमला असेल.

२ एप्रिल

आठवडाभर एकच तक्रार — "मला मी कमी ऐकू येतोय." आवाज वाढवला. कमीच. आणखी वाढवला तर कानच जातील. मग त्याच्या पट्ट्याला एक डबी अडकवली, तिला एक फिरवायची मूठ. "सर, आता तुमचा आवाज तुमच्या हातात." तो ती फिरवतो आणि मान डोलवतो. मूठ कशालाच जोडलेली नाही. आमच्या धंद्यात हे सगळे करतात, कुणी बोलत नाही.

हाऊसकाकांना सांगितलं. तीस वर्षं वादळाबरोबर आहेत, क्वचितच हसतात. आज हसले. "माणसाला फिरवायला काहीतरी हवं असतं. पलीकडे काय आहे, कोण बघतं?"

१९ एप्रिल

रोज एक गिटार फोडतो तो. गिटारमिस्त्री दुपारीच तिची मान करवतीनं कापून गोंदानं हलकेच चिकटवून ठेवतो, म्हणजे सरांच्या खांद्याला त्रास नको. आज गोंद जास्त झाला. वादळानं गिटार आपटली. काही नाही. पुन्हा आपटली. गिटार ठणठणीत. तिसऱ्यांदा आपटून तो ढोलवाल्याच्या चौथऱ्यावर टेकला, गिटार मांडीवर घेतली आणि तिच्या पाठीवर थोपटत बसला.

लोक वेडे झाले. मिस्त्री माझ्या शेजारी उभा राहून म्हणत होता, "गेली माझी नोकरी, गेली."

२० एप्रिल

वर्तमानपत्रात: "विध्वंसाकडून करुणेकडे." मिस्त्रीला हुकूम — रोज तेवढाच गोंद.

६ मे

समीक्षक लिहितो, "या आवाजाला वय शिवलेलंच नाही." बरोबर आहे. रेकॉर्डिंगला शिवत नाही.

२१ मे

स्टेजमागे दुपारचं जेवण. वादळाचा डबा वेगळा — उकडलेलं, अळणी, डॉक्टरच्या देखरेखीखाली. पूर्वी म्हणे तो हॉटेलच्या खिडकीतून टीव्ही फेकायचा. आता मॅनेजर तळमजल्याची खोली घेतो, पण ते गुडघ्यांसाठी.

माझ्यासमोर येऊन बसला. फोनवर नातीचं चित्र दाखवलं. ती पोहायला शिकतेय. "पाण्यात तोंड घालत नाही. आजोबा आले की घालीन म्हणते."

"मग जा ना, सर."

"बायको पण तेच म्हणते. कसा जाऊ? सगळ्या जगासमोर बोललोय. सूर गेला की जाईन." भाजी चिवडत राहिला. "आणि तो मेला रोज लागतोय."

मी ताटातला भात संपवला. भात थंड होता.

२२ मे

आईला फोनवर अर्धवट सांगितलं. बटणाचं नाही, नातीचं.

"मग जाऊ द्या की त्या म्हाताऱ्याला घरी," आई म्हणाली. "धरून कोणी ठेवलंय?"

मी म्हणाले, रेंज जातेय.

८ जून

काहीतरी चुकतंय.

आज शेवटच्या गाण्यात माझ्या डाव्या कानातलं यंत्र खरखरायला लागलं. सूर जवळ आलेला. उजव्या हातानं बटण दाबलं, डाव्या हातानं यंत्र उपटलं. हिरवा दिवा लागलेला. आणि दौऱ्यात पहिल्यांदाच मी मैदान ऐकलं.

मैदानात काचेसारखा सूर नव्हता. वादळाचा आजचा आवाज होता. वर चढला, चिरला आणि थांबला. पण त्याच्या आधीच — तो चढायला लागल्याबरोबर — सगळं मैदान गायला लागलं होतं. उशिरा नाही, किंचित आधी. जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्याच्या कोपराखाली कुणी न बोलता हात धरावा, तसं. त्याचा सूर चिरला तो त्यांच्या आवाजात बुडून गेला. कुणी कुणाकडे पाहिलंसुद्धा नाही.

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्यापासून.

"लागला का?" त्यानं उतरताना विचारलं. मी यंत्र पुसत असल्याचं दाखवलं.

९ जून

सकाळी मचाणावर गेले. हाऊसकाका केबल गुंडाळत होते.

"काका, माझं बटण मैदानापर्यंत पोचत नाही."

"नाही."

"कधीपासून?"

"कधीच नाही. जोडलंच नव्हतं." केबलची गुंडाळी खांद्यावर टाकली. "मॅनेजरला बटण हवं होतं, दिलं. तुला दिवा हवा होता, दिला."

मला राग आला. इतके दिवस मी ते बटण नेमक्या ठिकाणी दाबत होते. अगदी नेमक्या. मूठ फिरवून मान डोलवणाऱ्यात आणि माझ्यात फरक काय?

"का पण?"

"तीस वर्षं मी त्याचा आवाज लोकांपर्यंत पोचवतोय. दुसऱ्याचा नाही पोचवणार."

"रेकॉर्डिंगमधलाही सरांचाच आहे."

"होता," काका म्हणाले. "आणि त्याच्या कानात तो घालणारी तू. ते बटण बरोबर जोडलंयस. ते तुझं तू बघ."

म्हणजे एवढ्या मोठ्या मैदानात सूर लागत नाही हे न कळलेला माणूस एकच. आणि त्याची सोय मी केलेली.

११ जून

"लागला का?"

"नाही लागला, सर." आवाज कापला नाही याचं मला बरं वाटलं. "पहिल्या कार्यक्रमापासून नाही. तुमच्या कानात मी रेकॉर्डिंग सोडते."

मॅनेजर दोन पावलांवर होता. त्याच्या हातातला गार पाण्याचा टॉवेल पडला.

वादळानं कानातली यंत्रं काढली, टेबलावर ठेवली. मला वाटलं ओरडेल. त्याच्या ओरडण्यावर तर पुस्तकं आहेत.

"गळा सांगत होता," तो म्हणाला. "कान ऐकत नव्हते. रोज भांडण दोघांचं. म्हटलं डोकं फिरलं की काय आपलं." मग पट्ट्याची डबी काढली. "आणि हे?"

"तेही कशाला जोडलेलं नाही."

तो एवढा हसला की डॉक्टर धावत आला. "उद्या त्या तिशीतल्या पोराला माझ्या कानातून काढ," तो म्हणाला. "मला मी ऐकू दे."

१२ जून

काढलं.

सूर चिरला. त्यानं ऐकला. डोळे मिटून नीट ऐकला, चव घ्यावी तसा. मैदान गातच होतं. त्यानं हात वर करून सगळ्यांना शांत केलं आणि साध्या आवाजात म्हणाला, "नाही लागला. मी घरी जातो."

लोकांनी टी-शर्टवरचं वाक्य ओळखलं. टाळ्या, शिट्ट्या. जयघोष. बाहेरच्या दुकानात तिन्ही रंग संपले. एकानंही खरं मानलं नाही.

तो उतरला, बूट सोडले, सपाता घातल्या. माझ्या टेबलाशी थांबला, पण काही विचारलं नाही. "येतो गं, इंजिनियर." गाडीत पुढे बसला, ड्रायव्हरशेजारी. मैदान अजून "पुन्हा एकदा" ओरडत होतं.

१३ जून

मॅनेजर सकाळीच आला. झोपला नसावा, पण ताजा दिसत होता. "तो गेला तर गेला. आवाज आहे ना आपल्याकडे? आग, धूर, पडद्यावर जुनी चित्रं — उरलेले सगळे कार्यक्रम होतात. तुझं ते बटण कुठे आहे?"

मी टेबलावरचं बटण दिव्याच्या सेलसकट सोडवलं आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं दाबून पाहिलं. हिरवा दिवा लागला. खूश झाला.

बॅग भरली. आईला कळवलं, येतेय.