माझ्या पाठीमागचा कोनाडा

हे लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. नोटरीबाईंनी ईस्टरलाच सांगितले होते. पण डोळ्याचे ऑपरेशन आले, मग नीट चालणारे पेन सापडेना, आणि खरे सांगायचे तर मृत्युपत्र लिहिले की माणूस लगेच जातो अशी भीती वाटत होती. आता ऑक्टोबर अर्धा संपला. सर्व संतांच्या दिवसाच्या, म्हणजे एक नोव्हेंबरच्या, आत एका गोष्टीचा निकाल लागायला हवा, म्हणून बसलो आहे.

मी, ओनोरिनो प्रिदा कुएतो, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार लास्त्रेगा, बंदराच्या वरची गल्ली, पूर्वीचा व्यावसायिक फुटबॉलपटू, जागा मधला बचाव, डोके ठिकाणावर असताना, कोणाचा धाक नसताना, आणि दुपारच्या जेवणाआधी म्हणजे सिद्रेचा, आमच्या सफरचंदाच्या दारूचा, थेंबही न घेता, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. शाळा मी लवकर सोडली आणि मासळी डब्यात भरण्याच्या कारखान्यात लागलो. तेव्हा नोटरीबाईंनी अर्थ पाहावा, अक्षर पाहू नये.

पहिले. राहते घर आतल्या सामानासह, आणि बँकेत जे असेल ते, माझी मुलगी ओलिवा हिला मिळावे. कायद्याने ते तिचेच आहे. पण कायदा देतो म्हणून नाही, बाप देतो म्हणून तिने घ्यावे. ओलिवा, गॅसचा खटका डावीकडे फिरवल्यावर बंद होतो, उजवीकडे नाही. मी गेलो की रडण्याआधी तो बघ.

दुसरे. माझे बूट आणि बुटांचे खिळे आवळायची चावी क्लबला द्यावी. राजधानीतल्या मोठ्या संघात मी दोन हंगाम होतो. तिथे या कामाला पगारी माणूस होता, पण माझ्या बुटांना मी त्याला हात लावू दिला नाही. ओल्या मैदानाला लांब खिळे, कोरड्याला आखूड. लास्त्रेगात कोरडे मैदान कोणी पाहिलेच नव्हते, त्यामुळे माझे आखूड खिळे अजून नवे आहेत. गुडघा गेला तेव्हा त्यांनी मला परत पाठवले. लोकांना वाटते मी त्याचे दुःख करत बसलो. अजिबात नाही. तिथल्या घरातून समुद्र दिसत नव्हता, आणि माझी बायको एतेल्विना रोज विचारायची, "आपण घरी कधी जायचं हो?" परत आलो तो आनंदाने आलो, आणि गुडघ्याला पट्टा बांधून इथे आणखी अकरा हंगाम खेळलो. त्या काळाबद्दल माझी एकही तक्रार नाही.

तिसरे. एक तक्रार आहे. ज्या रेफरीने मला स्वच्छ टॅकलबद्दल बाहेर काढले, त्याला मी माफ केले आहे. ज्याने झेंडा हलवून त्याच्या डोक्यात ते भरवले, त्या लाइनमनला नाही.

चौथे. आता मुख्य गोष्ट. घाईघाईत चुकू नये म्हणून पाणी पिऊन आलो.

एतेल्विना गेली तेव्हा मी दफनभूमीच्या भिंतीतले, शवपेटी आत सरकवायचे, तीन कोनाडे घेतले. बारा तिला, चौदा मला, आणि मधला तेरा मेक्सिकोत वेराक्रूझला गेलेल्या माझ्या भावाला. लागोपाठचे आकडे घेतले म्हणजे शेजारीशेजारी जागा, असे मला वाटले. पण त्या भिंतीला दोन्ही अंगांनी कोनाडे आहेत, आणि आकडे आमच्या गल्लीतल्या घरांसारखे आहेत, सम एका बाजूला, विषम दुसऱ्या बाजूला. त्यामुळे एतेल्विना आणि मी बंदराकडे तोंड करून शेजारी, आणि तेरा नंबर पलीकडून, माझ्या बरोबर पाठीमागे, मैदानाकडे तोंड करून. भाऊ तिकडेच वारला, तिकडेच पुरला. तेरा रिकामा राहिला. आता चर्चचे लोक म्हणतात, सर्व संतांच्या दिवसापर्यंत नाव कळवा, नाहीतर यादीतल्या पहिल्या माणसाला देऊ.

यादीतला पहिला माणूस राइमुंदो आहे. औषधाचे दुकान चालवायचा तो. त्याच्या आधी तो खाडीपलीकडच्या संघाचा फॉरवर्ड होता.

साबेलच्या बारमध्ये तो स्वतःच मला म्हणाला, "ओनोरिनो, तुझा तेरा नंबर मला मिळतोय म्हणे. बरं झालं. तिकडे वारा कमी लागतो."

"तू? माझ्या पाठीमागे?"

"मग काय झालं? आता कुठे मी पळणार आहे!"

साबेल बाटली ठेवून पोट धरून हसली. मला त्या रात्री झोप लागली नाही. ज्या माणसाला उभ्या आयुष्यात मी पाठीमागे जाऊ दिले नाही, तो कायमचा तिथे जाऊन पडणार, आणि मला वळताही येणार नाही.

एकदाच गेला होता तो. त्या गोलाबद्दल ऐकले नाही असा माणूस लास्त्रेगात नाही, पण कागदावर असावे. शेवटचा सामना, चिखल, बरोबरी पुरेशी होती. राइमुंदोने लांब चेंडू मारला आणि त्याच्या मागे धावला. मी पाय उचलून चेंडू जाऊ दिला, कारण मागे आमचा गोली लाउदेलिनो, म्हणजे लिनो, होता. लिनो रेषेवरून हलला नाही, कारण पुढे मी होतो. चेंडू आमच्या दोघांमधून सावकाश जाळ्यात गेला. राइमुंदोने त्याला नंतर पायही लावला नाही. आम्ही खालच्या विभागात गेलो. चेंडू गोलीचा होता. हे मी तेव्हा म्हणालो आणि आज लिहूनही देतो.

पुढे प्रत्येक रविवारी साबेलकडे लिनो आणि मी यावर भांडलो. "तुझा होता, गाढवा!" "जा रे, बाहेर यायला तुझ्या पायांना मुळं फुटली होती!" आणि ग्लास एकच. तो प्यायचा, तळातला घोट जमिनीवर ओतून कड धुवायचा, मग त्याच ग्लासात माझ्यासाठी उंचावरून सिद्रेची धार धरायचा. यापेक्षा चांगले रविवार कोणाला मिळाले असतील असे मला वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात लिनोची लेक त्याला वायादोलिदला घेऊन गेली. तिथे समुद्र नाही, सिद्रा नाही, आणि बसस्टॉपवर जो भेटेल त्याला तो विचारतो म्हणे, चेंडू कोणाचा होता. लेक तिथल्याच दफनभूमीत त्याच्यासाठी जागा बघते आहे. मी फोन केला की ती म्हणते, "काका, बाबा झोपलेत." इतका कोण झोपतो?

तर माझी इच्छा अशी. कोनाडा क्रमांक तेरा लाउदेलिनो याला द्यावा. अकरा हंगाम तो माझ्या पाठीमागे उभा होता. मी त्याला खेळताना पाहिलेच नाही, फक्त ऐकले. "ओनोरिनो, उजवीकडे! सोडू नको त्याला!" मान वळवून पाहायची वेळ यायची ती चेंडू जाळ्यात गेल्यावरच. तेराव्या कोनाड्याचे तोंड उत्तरेकडच्या गोलाकडे आहे, तो त्याचा आवडता गोल होता.

अटी. तो आधी गेला तर त्याने खुशाल आधी जाऊन पडावे. मी आधी गेलो तर त्याने साबेलकडची बाटली आणून तळातला घोट माझ्या कोनाड्यासमोर ओतावा. आणि कोनाड्याच्या दगडी पाटीवर चेंडूबद्दल एक अक्षरही कोरू नये.

पाचवे, की सहावे. मला कोट घालू नये, तो खांद्यात आवळतो.

लास्त्रेगा, अस्तुरियास, १६ ऑक्टोबर २०१८.
ओनोरिनो प्रिदा कुएतो

साक्षीदारांची गरज नाही असे नोटरीबाई म्हणाल्या, तरी असलेले बरे.

साक्षीदार: साबेल रिएस्त्रा. त्याने हे माझ्यासमोर लिहिले, कॉफीचे डाग माझ्या बारचे आहेत.
साक्षीदार: राइमुंदो ओबेसो. वाचून सही केली. माझी हरकत नाही, लिनो आला तर जागा त्याची. गोल मात्र माझाच होता.

ता. क. लिनो, याची नक्कल तुझ्या नावाने पाठवतोय, तुझी लेक तुझी पत्रं फोडत नसावी अशी आशा आहे. वर राइमुंदोने काय लिहिलंय ते बघितलंस ना? अजून सुधारला नाही. दोन दिवस विचार केला आणि पाटीची अट मागे घेतली. तुला हवं ते कोर. 'चेंडू ओनोरिनोचा होता' असंही कोर, मोठ्या अक्षरांत. माझं तोंड पलीकडे असेल. तू फक्त येतो म्हण. साबेलच्या बारमध्ये फोन कर, मी दुपारी तिथेच असतो, फोनच्या शेजारी. सर्व संतांच्या दिवसाची वाट बघू नको रे म्हाताऱ्या, लवकर कळव.