जिभेवरचा प्रयोग

प्रिय बंड्या,

फोनवर माझं बोलणं आता तुला नीट कळत नाही आणि मधे तुझे भावोजी दुभाषी होऊन बसतात, म्हणून लिहिते आहे. शाळेत सिस्टर आमच्या दातांत पेन्सिल धरायला लावून धडा वाचून घ्यायच्या, उच्चार स्वच्छ व्हावेत म्हणून. ती पेन्सिल काढायची राहूनच गेली की काय, असं हल्ली माझं बोलणं झालंय.

शस्त्रक्रिया केली तर कॅन्सरच्या गाठीबरोबर जिभेचा बराच भाग जाईल. म्हणून तुमच्या मशीनचं नाव निघालं. धुळीहून बारीक असे लोखंडाचे कण सुईनं गाठीत सोडायचे, गालाशी तारेचं वेटोळं धरून ते तापवायचे, म्हणजे गाठ आतल्या आत भाजेल आणि जीभ वाचेल. ते वेटोळं तूच बनवतोस. किती दिवस तू फोन करकरून माझं डोकं खात होतास, ताई, हेच कर, माझ्यावर सोड. ‘माझ्यावर सोड’ म्हटलं की मला अजून आपला मागचा जिना आठवतो. टॉर्चमधली चपटी बॅटरी माझ्या जिभेला टेकवून तू विचारत होतास, आंबट लागतंय का. मी हो म्हटलं तर पुन्हा टेकवलीस. मी रडत आईकडे गेले, तेव्हा तू शांतपणे म्हणालास, ताईनंच मागितली. आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तुझे लालबुंद झालेले कान बघितले आणि तुला कोपऱ्यात उभं केलं.

तरीही मी तुझ्यावर सोडलं. धातू तापेल म्हणालास, म्हणून दाढेत भरलेली जुनी चांदी काढून आले. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कोणी सांगितलं? भाऊ इंजिनिअर आहे म्हटलं. मग ठीक आहे, म्हणाल्या, पण त्यांची वर गेलेली भुवई काही खाली आली नाही.

आणि मागच्या स्कॅननंतर तूच बदललास. आता म्हणतोस, डॉक्टर म्हणतील तसं कर, ऑपरेशनही काही वाईट नसतं. आपल्या मशीनबद्दल तासन्‌तास बोलणारा माणूस एकदम नम्र झाला की मला धास्ती वाटते. भावोजी तुझ्याशी बाल्कनीत जाऊन बोलतात आणि आत आले की चष्मा पुसत बसतात. ज्या माणसाला इतक्या वर्षांच्या संसारात साखरेचा डबा सापडला नाही, तो मला न मागता चहा करून देतो, तोही गार करून. डॉक्टर तर माझ्याशी बोलतच नाहीत, माझ्या फाइलशी बोलतात. गाठ वाढली आहे का? मशीननं कुणाला नको तिथं भाजलं का? की पेशंट ताई आहे म्हणून तुझाच हात कचरतोय? यातलं काहीही असलं तरी मी ऐकून घेईन. तुम्ही सगळे मला सांभाळून घेताय, ते मात्र सोसवत नाही.

सोमवारी मला सही करायची आहे, तुझ्या मशीनच्या कागदावर नाहीतर ऑपरेशनच्या. म्हणून हे पत्र. याला उत्तर लिहू नकोस, फोनही नको. आवाज सांभाळायला तू केव्हाच शिकलास. रविवारी ये, माझ्यासमोर बस आणि एवढंच सांग, ही जीभ तुझी असती तर तू काय केलं असतंस. आणि येताना केस कापून ये. परवाच्या फोटोत पाहिलं, पार कानांवर आलेत.

तुझीच,
ताई