जुन्या चालीचं नवं मशीन

प्रिय ताई,

आज तुझ्या वर्गात नवा कॉम्प्युटर सुरू केला. टाळ्या वाजल्या, पण मला मान वर करवेना. म्हणून घरी आल्याबरोबर तुला लिहायला बसलो.

मुरबाडजवळच्या त्या शाळेत तू टीव्हीला जोडायचा जुना कॉम्प्युटर किती वर्षं चालवलास! कंपनीने तो बनवणं बंद केलं, सुटे भाग मिळेनात. मी शहापूरला टीव्ही-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचो. तू म्हणालीस, "नवीन बनव. पण माझे कॅसेटवरचे खेळ त्याच्यावर चालले पायजेत हां." मी हो म्हटलं.

नवं मशीन बनवलं, त्यात वेगवान चिप बसवली आणि त्या वेगाचीच मला भुरळ पडली.

पालकांसमोर पहिल्यांदा लावलं तो दिवस आठवतो? तू स्वतः लिहिलेला बगळ्याचा खेळ होता. पोरांना गणिताचं उत्तर दाबता यावं म्हणून बगळा थोडा वेळ थांबायचा, वेळ संपली किंवा उत्तर चुकलं की मासा गिळायचा. माझ्या मशीनवर मात्र गणित दिसायच्या आत मासा गायब! पोरं रडवेली झाली. आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "मशीन बरोबर आहे. बाईंनी खेळच चुकीचा लिहिलाय."

एसटीची वाट बघताना तू एवढंच म्हणालीस, "बगळा थांबावा म्हणून कॉम्प्युटरला नुसतेच आकडे मोजायला लावले होते रे. तेव्हा दुसरा काय उपाय होता?"

हे मला ठाऊक नव्हतं का? चिप वेगवान, म्हणून आकडे क्षणात मोजून व्हायचे. तरी मी एसटी आली का तेच बघत राहिलो. तू भांडली का नाहीस गं? भांडली असतीस तर कदाचित शुद्धीवर आलो असतो.

मग तू आजारी पडलीस. कल्याणच्या दवाखान्यात विचारलंस, "पोरांचं मशीन झालं का?" मी म्हटलं, "होतंय." मशीनला हातही लावला नव्हता, ताई.

तू गेल्यावर कामाला बसलो. जुन्या वेगावर जाण्यासाठी एक बटण आणि थोडं सर्किट, एवढंच लागलं. इतकं किरकोळ काम होतं ते!

आज बगळा थांबला. एका पोरीचं उत्तर चुकलं, त्याने मासा गिळला, वर्ग खिदळला. हेडमास्तर माझं कौतुक करू लागले तेव्हा मी उठलो. म्हटलं, "बाईंचा खेळ पहिल्यापासून बरोबर होता. चूक माझ्या मशीनची होती, आणि तसं बोललो ती माझी."

आई मागच्या बाकावर बसली होती. बाहेर पडताना हळूच म्हणाली, "हे ती असताना बोलाला पायजे होतं रे."



तुझे बाकीचे खेळ आता एकेक लावून बघणार आहे. जिथे अडेल तिथे मशीन बदलीन. तुझ्या एका ओळीलाही हात लावणार नाही.

तुझा धाकटा भाऊ,
विलास