पाच मिलिग्रॅम

सोमवार, ३ फेब्रुवारी
आज रुजू झाले. आरोग्यकेंद्र छोटंसं, पण लखलखीत. औषधखोलीला एक खिडकी, पलीकडे रुग्णांचा लांब बाक. कपाटं मीच पुसली, डबे हौसेने मांडले. डॉक्टरीणबाई आईच्या वयाच्या, बोलायला गोड. कॉम्प्युटरवरची ‘घटना नोंद’ त्यांनी माझ्याकडेच सोपवली. काही चुकलं, किंवा चुकता चुकता राहिलं, की तिथे भरायचं. कोण चुकलं ते नाही, काय चुकलं ते लिहायचं, म्हणाल्या. कुणाला फासावर द्यायचं नाही, पुढच्या पेशंटला वाचवायचं. फार पटलं. दुपारीच पहिली नोंद केली : दारातली फरशी निसरडी. संध्याकाळपर्यंत तिथे पायपुसणं आलंसुद्धा.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
पिपाणीवाले आजोबा येऊन गेले. पूर्वी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, म्हणून हे नाव. सोबत लेक, नोकरी सांभाळून तीच त्यांचं सगळं बघते. हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी गोळी कायमची, एक मिलिग्रॅमची. आता वाजवायला दम नाही, नुसता चहा फुंकतो, म्हणाले. मी इतकी हसले की मागच्या बायकाही हसायला लागल्या. त्या हसण्यातच गोळ्या पुडीत बांधून दिल्या.

सोमवार, २४ फेब्रुवारी
आजोबा गेले. मेंदूत रक्तस्राव. आधी हिरड्यांतून रक्त येत होतं, लेकीला वाटलं दाताचं असेल.
मी डबे उघडून पाहिले. एक मिलिग्रॅमच्या डब्याला हातही लागलेला नाही. पाचाचा मात्र उतरलाय. दोन्ही शेजारी शेजारी, मीच मांडलेले.
डॉक्टरीणबाईंनी नोंद भरायला सांगितली. कारणाच्या चौकटीत पर्याय येतात. ‘औषध देताना चूक’ यावर बाण नेला. मग खाली सरकवला. ‘घरी जास्त गोळ्या दिल्या गेल्या’. दाबलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी
लेक खिडकीशी आली. नोंद वाचून डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं होतं, प्रेमानेच. भाऊ मात्र तिच्याशी बोलेनासे झालेत. ‘‘ताई, मी रोज एकच दिली हो. की विसरून दोनदा दिली असेल?’’ तिचा स्वतःवरच भरवसा उरला नव्हता. मी म्हणाले, कामाच्या गडबडीत होतं असं कधीकधी.
स्वतःची शिसारी आली. तरी घरी गेले. पोटभर जेवले.

मंगळवार, ४ मार्च
बाकावर आजोबा. भर सकाळी, गर्दीत. नाकाशी रुमाल. एक बाई येऊन त्यांच्याच जागेवर बसली, त्यांच्यातच. ते तसूभर हलले नाहीत. माझ्याकडे बघून हसले. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

शुक्रवार, ७ मार्च
रोज येतात. आज रांगेत. ओठांच्या कडेला रक्त. खिडकीतून तळवा आत आला — किती विश्वासाने. माझा हात आपसूक पाचाच्या डब्याकडे — डबा पाडला. गोळ्या सगळीकडे. लोक बघत राहिले. हेही नोंदवलं नाही.

सोमवार, १० मार्च
बाकावर आज लेकही, त्यांच्या शेजारी. केस ओले. ठरवलं, आत्ताच. बाहेर गेले, सगळ्यांदेखत तिच्या पायाशी बसले. सांगितलं. पाचाच्या गोळ्या मी दिल्या. तू काही चुकली नाहीस. ती ऐकत होती.
झाडूवाल्या मावशींनी दंडाला धरून उठवलं. कुणाशी बोलतेयस पोरी, म्हणाल्या, बाकावर कुणी नाही. ती लेक — काल तलावातून काढली तिला —

दुपार
नोंद उघडलीय. ‘औषध देताना चूक’ निवडलं. खाली नवी चौकट — आणखी कुणाला इजा झाली का —
दोघं खिडकीशी आलेत. दोन तळवे. मी ‘पाठवा’ दाबायला जाते आणि हात डब्याकडे — पुन्हा डब्याकडे — ती हसतेय. ताई, म्हणते, तुम्ही द्याल ती गोळी मी